चाकरीत असताना बोलावे किती?

आपल्या मंडळातली बहुतेक घराणी बडोद्यात आली ती कोणाच्या ना कोणाच्या चाकरीत. कोणी गायकवाडांच्या पागेबरोबर आले, कोणी हुजूर कचेरीत कारकून म्हणून, कोणी शाळेत मास्तर म्हणून, तर कोणी संस्थानच्या रेल्वेत. १९४९ मध्ये संस्थान विलीन झाले आणि पुढच्या पिढ्या विद्यापीठात, बँकांत, कोयलीच्या रिफायनरीत, खतांच्या आणि औषधांच्या कारखान्यांत लागल्या. आता नातवंडे पुण्या-बंगळूरच्या संगणक कंपन्यांत आहेत, आणि काही जण घरी बसूनच परदेशातल्या कंपनीचे काम करतात. ‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ असे आपण सगळेच म्हणतो. पण पिढ्यानपिढ्या आपली चूल पेटली ती त्या कनिष्ठ नोकरीवरच.

अशा समाजात नोकरीचा कायदा बदलला की तो घरातला विषय होतो. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि जुन्या एकोणतीस कायद्यांची जागा त्यांनी घेतली. वेतनाची व्याख्या, ग्रॅच्युइटी, नेमणूकपत्र यांवर वर्तमानपत्रांत पुष्कळ छापून आले. पण आपल्या घरांतून हल्ली काळजीने विचारला जाणारा प्रश्न वेगळाच असतो. मुलाने फेसबुकवर कंपनीविषयी काही लिहिले, सुनेने ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर साहेबांची थट्टा करणारे चित्र पुढे पाठवले, तर नोकरीवर गदा येते का? कायदा अशा वेळी कोणाच्या बाजूने उभा राहतो?

हा प्रश्न मोबाइलने आणला असे वाटते. प्रत्यक्षात तो मोबाइलच्या फार आधीचा आहे. पगार घेणाऱ्या माणसाने किती बोलावे, कुठे बोलावे आणि कोणत्या नावाने बोलावे, हे कोडे शिकलेल्या मराठी माणसापुढे पावणेदोनशे वर्षे आहे. त्याचा इतिहास पाहिला की आजचे नियम कळायला सोपे जातात, आणि भीती थोडी कमीही होते. म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्ही हा विषय घेतला.

टोपणनावाचा आडोसा

१८४८ पासून मुंबईच्या ‘प्रभाकर’ पत्रात ‘लोकहितवादी’ या सहीने पत्रे येऊ लागली. आपल्या समाजातील आळस, जातीचा गर्व, विधवांचे हाल यांवर इतक्या कडक शब्दांत मराठीत त्यापूर्वी फारसे कोणी लिहिले नव्हते. ही ‘शतपत्रे’ लिहिणारे गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत होते. पुढे ते न्यायखात्यात चढत गेले, अहमदाबादेत त्यांनी अनेक वर्षे काढली आणि गुजरातच्या सार्वजनिक जीवनातही भाग घेतला. शेवटी ते रतलाम संस्थानचे दिवाण झाले. नोकरी आणि लेखणी दोन्ही त्यांनी सांभाळल्या, पण सुरुवातीच्या दिवसांत मधे एक आडपडदा ठेवून. तो पडदा म्हणजे टोपणनाव.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी असा पडदा ठेवला नाही. ते सरकारी शाळेत शिक्षक होते आणि १८७४ पासून ‘निबंधमाला’ काढत होते. पुढे त्यांची बदली रत्नागिरीला झाली. ती बदली आणि मालेतले लिखाण यांचा संबंध मराठी वाचक तेव्हापासून लावत आला आहे. १८७९ मध्ये शास्त्रीबुवांनी नोकरी सोडली, १८८० च्या जानेवारीत पुण्याला न्यू इंग्लिश स्कूल निघाले आणि पुढच्या वर्षी ‘केसरी’. बोलायचे असेल तर नोकरी सोडायची, हा दुसरा मार्ग. तो सगळ्यांना परवडणारा नव्हता आणि आजही नाही.

तिसरी गोष्ट न्यायमूर्ती रानड्यांची. १८७९ च्या उन्हाळ्यात वासुदेव बळवंत फडक्यांचे बंड चालू होते आणि पुण्यातला बुधवारवाडा आगीत जळाला. सरकारला पुण्याच्या शिकलेल्या मंडळींचा संशय आला आणि रानड्यांची बदली धुळ्याला झाली. तिथे काय झाले ते रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. त्यांच्या नावचे टपाल फोडून, वाचून मग हाती येऊ लागले. बंडखोरांच्या नावाने पत्रेही येऊ लागली. ती रानडे सरळ पोलिसांकडे पाठवून देत. काही काळाने सरकारची खात्री पटली आणि हा प्रकार थांबला. मालकाने नोकराचा खासगी पत्रव्यवहार चाळणे ही आपल्याला अगदी आजची तक्रार वाटते. तिचा एक दाखला आपल्याच इतिहासात दीडशे वर्षांपूर्वीचा आहे, आणि तो एका न्यायाधीशाच्या बाबतीतला आहे.

आता आपल्या गावाकडे येऊ. १८९३ मध्ये विलायतेहून परतलेला एक विशीतला तरुण सयाजीराव महाराजांच्या नोकरीत रुजू झाला. त्याच वर्षी मुंबईच्या ‘इंदुप्रकाश’ या इंग्रजी-मराठी पत्रात काँग्रेसच्या मवाळ राजकारणावर झोड उठवणारी इंग्रजी लेखमाला सुरू झाली. लेखांवर नाव नव्हते. लिहिणारे होते अरविंद घोष. संपादनाचे काम पाहणारे केशवराव देशपांडे त्यांचे केंब्रिजचे मित्र; ते स्वतःही पुढे बडोद्याच्या नोकरीत आले. लेखांची धार पाहून रानड्यांनी पत्राच्या मालकांना सावध केले, लेखमालेचा सूर खाली आणावा लागला आणि लेखकाचा त्यातला रस गेला. धुळ्याला ज्यांचे टपाल फोडले गेले, त्यांनीच चौदा वर्षांनी एका तरुणाला आवरायला सांगितले. यात रानड्यांना कमीपणा नाही. छापलेल्या एका लेखाने पत्र आणि माणसे कशी अडचणीत येतात, हे त्यांनी सोसलेले होते. आज घरातली वडीलधारी मंडळी ‘असले काही टाकू नकोस रे’ म्हणतात, तेव्हा त्यांच्याही मनात तेच असते.

गिरणीचा भोंगा आणि रविवार

कचेरीतल्या शिकलेल्या माणसाला टोपणनाव तरी होते. गिरणीतल्या कामगाराला काय होते? सूर्य उगवण्यापूर्वी घर सोडायचे आणि मावळल्यावर परतायचे. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा मुख्यतः मुलांपुरता होता: सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायचे नाही, आणि सात ते बारा वयाच्या मुलांकडून दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम करून घ्यायचे नाही. मोठ्या माणसांच्या तासांना मर्यादा नव्हती, आणि त्यांच्या आठवड्याच्या सुटीबद्दल त्यात काही नव्हते.

ही मुकी माणसे बोलती केली ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी. लोखंडे सत्यशोधक, जोतिराव फुल्यांचे सहकारी. मुंबईत गिरणीत स्टोअरकीपर म्हणून काम केलेले, म्हणजे आतली परिस्थिती डोळ्यांनी पाहिलेले. १८८० मध्ये त्यांनी ‘दीनबंधु’ हे पत्र हाती घेतले. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी मुंबईत गिरणीकामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. मागण्या साध्या होत्या: रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत पगार, आणि कामावर इजा झाली तर भरपाई. सहा वर्षे हा पाठपुरावा चालला. १८९० च्या एप्रिलमध्ये सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. पुढच्या वर्षीच्या सुधारित कायद्यात आठवड्याच्या सुटीची तरतूद आली.

ज्या रविवारी आपण मंडळाच्या बैठका घेतो, आरास करतो, नाटकाच्या तालमी करतो, तो गिरणीतला रविवार मालकांनी आपण होऊन दिला नव्हता. नोकरीतल्या माणसांनी नावानिशी, अंगठ्यानिशी बोलून तो मिळवला. त्यांच्यातल्या बहुतेकांना लिहिता येत नव्हते, आणि नोकरी गेली तर गावाकडे परत जाण्याखेरीज दुसरा मार्ग नव्हता. तरी ते बोलले, कारण ते एकेकटे बोलले नाहीत.

१९०८ च्या जुलैत टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा मुंबईच्या गिरणीकामगारांनी वर्षाला एक याप्रमाणे सहा दिवस गिरण्या बंद पाडल्या. नोटीस नाही, युनियनची नोंदणी नाही. ट्रेड युनियनचा कायदाच यायचा होता, तो आला १९२६ मध्ये. बातमी चाळीतून चाळीत आणि भोंग्याच्या आधी फाटकावर पोहोचत होती. तो त्या काळचा ग्रुपच म्हणायचा.

फाटकाच्या आत आणि फाटकाच्या बाहेर

स्वातंत्र्याच्या तोंडावर, १९४६ मध्ये, औद्योगिक आस्थापनांच्या स्थायी आदेशांचा कायदा झाला. आपल्यापैकी ज्यांनी कारखान्यात उमेदवारी केली त्यांनी ते ‘स्टँडिंग ऑर्डर्स’ नोटीस बोर्डावर काचेआड लावलेले पाहिले असतील. त्याआधी गैरवर्तन कशाला म्हणायचे हे मालक ठरवी. या कायद्याने ते आधी लिहून, मंजूर करून, सगळ्यांना दिसेल असे लावणे भाग पाडले. चोरी, लाच, हुकूम न मानणे, वारंवार उशिरा येणे अशी ती यादी. यादीत नाही ते गैरवर्तन नाही, हा कामगारासाठी मोठा आधार होता.

त्यातूनच उंबरठ्याचा प्रश्न आला. कारखान्याच्या आत केलेल्या कृत्याबद्दल कारवाई समजते. पण बाहेर, रस्त्यात, गाडीत, घरी काही घडले तर? सर्वोच्च न्यायालयाने याला दोन प्रसंगी दोन दिशांची उत्तरे दिली आणि ती दोन्ही आजही उपयोगी पडतात. १९७५ च्या एका खटल्यात कामगाराने सहकाऱ्यावर कारखान्याबाहेर, उपनगरी गाडीत हात उगारला होता. न्यायालय म्हणाले, कृत्य बाहेरचे असले तरी त्याचा परिणाम आतल्या शिस्तीवर होत असेल तर कारवाई करता येते. १९८३ मध्ये एका औषध कंपनीच्या खटल्यात मात्र न्यायालयाने मालकाचा हात आखडला. ‘आवारात किंवा लगत’ असे शब्द नियमात असतील, तर कामगार फाटकाबाहेर कुठेही काय करतो त्यावर मालकाची सत्ता चालत नाही. कृत्याचा कामाच्या जागेशी धागा जुळला पाहिजे.

सरकारी नोकरांचा रस्ता वेगळा होता. त्यांच्यासाठी वर्तणूक नियम आले: केंद्राचे १९६४ चे, गुजरातचे १९७१ चे, महाराष्ट्राचे १९७९ चे. केंद्राच्या नियमांत सरकारच्या धोरणावर जाहीर टीका करायला मनाई आहे. वृत्तपत्रात लिहायचे तर परवानगी लागते, मात्र निव्वळ साहित्य, कला किंवा विज्ञानविषयक लेखनाला सूट आहे. आपल्या स्मरणिकांतून पोस्टातले, रेल्वेतले, आयकर खात्यातले कवी आणि कथाकार इतकी वर्षे बिनधास्त लिहीत आले, त्याला कायद्याचा हा कोपरा कारण आहे. १९६२ मध्ये बिहारच्या सरकारी नोकरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाची गोष्ट सांगितली: नोकरी पत्करली म्हणून माणूस नागरिकाचे हक्क गमावत नाही. निदर्शनांवरची सरसकट बंदी न्यायालयाने रद्द केली, पण संपाचा मूलभूत हक्क मानला नाही.

म्हणजे १९९० पर्यंत चित्र असे होते. नोकरीची जागा ठरलेली, तिला फाटक होते. बाहेर कट्टा होता, पानाची टपरी होती, देवळाचा ओटा होता. साहेबांच्या नावाने खडे फोडायचे ते तिथे, आणि बोललेले शब्द तिथेच विरत. कायद्याला उंबरठा दिसत होता, कारण तो खरोखरीच होता.

फाटक खिशात आले

समाजमाध्यमांनी नेमका तो उंबरठा पुसला. कट्ट्यावरचे बोलणे आता लिहिले जाते, साठते, त्याचा फोटो काढता येतो आणि चार वर्षांनी ते चौकशीच्या फायलीत पुरावा म्हणून लागते. टोपणनावाचाही फारसा उपयोग राहिलेला नाही. लोकहितवादींचे नाव संपादक जपत असे. आज मोबाइल क्रमांकच आपले नाव झाला आहे. शिवाय साहेब रात्री दहा वाजता ग्रुपवर काम सांगतात, तेव्हा कचेरी घरात येते. मग घरातले बोलणेही कचेरीत जाणारच.

याची पहिली चटके बसणारी उदाहरणे मुंबईतलीच. २०१२ च्या मे महिन्यात सरकारी विमान कंपनीच्या दोन कर्मचाऱ्यांना फेसबुकवरच्या मजकुरावरून अटक झाली, कोठडी झाली, आणि कंपनीने त्यांना निलंबितही केले. अशा अटकांना आधार होता तो माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-अ चा. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केले. त्यामुळे ‘आता काहीही लिहिता येते’ असा समज झाला. तो खरा नाही. त्या कलमाखालचा गुन्हा गेला, शिस्तभंग राहिला. तुरुंगाची भीती कमी झाली तरी नोकरीची भीती तशीच आहे, आणि नोकरदाराला दुसरी भीती काही कमी मोठी नाही.

त्यानंतरचे निकाल पाहिले तर जुन्या दोन दिशा पुन्हा दिसतात. २०२० च्या जानेवारीत त्रिपुरा उच्च न्यायालयाने फेसबुकवर लिहिल्याबद्दल एका सरकारी कर्मचारी महिलेवर झालेली कारवाई रद्द केली. सरकारी नोकरालाही बोलण्याचा हक्क आहे, तो वर्तणूक नियमांच्या मर्यादेतच रोखता येतो, असे सांगणारे मुख्य न्यायमूर्ती अकील कुरेशी पूर्वी आपल्या गुजरात उच्च न्यायालयात न्यायाधीश होते. २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने एका ग्रामीण बँकेतल्या कर्मचाऱ्यावरचे आरोपपत्र रद्द केले. त्याने सहकाऱ्यांच्या खासगी व्हॉट्सॲप ग्रुपवर वरिष्ठांवर टीका केली होती. न्यायालयाने म्हटले की कुठल्याही संस्थेत माणसांच्या मनात काहीतरी साठते आणि ते बाहेर पडायला वाट हवी. दोन सहकारी घरी बसून जे बोलतात त्याची जर व्यवस्थापनाला दखल घेता येत नाही, तर बंद ग्रुपवरच्या तशाच बोलण्याची का घ्यावी? कट्ट्याचा हक्क न्यायालयाने मोबाइलमध्ये मान्य केला असे म्हणायला हरकत नाही.

पण त्याच वर्षीच्या डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने एका कारखान्यातल्या कामगाराची बडतर्फी कायम केली. पगारवाढीची बोलणी चालू असताना त्याने कंपनीविरुद्ध चिथावणी देणारा मजकूर फेसबुकवर टाकला होता. कामावर नसताना, कारखान्याबाहेर लिहिले, हा त्याचा बचाव टिकला नाही. शिस्त मोडणारी गोष्ट बाहेरून केली तरी ती शिस्त मोडणारीच, हे १९७५ चे तत्त्व इथे लागले. दोन निकालांतला फरक समजून घेण्यासारखा आहे. मदुराईच्या प्रकरणात ग्रुप बंद होता आणि सूर मन मोकळे करण्याचा होता. मुंबईच्या प्रकरणात भिंत उघडी होती आणि सूर चिथावणीचा होता.

सरकारी नोकरांसाठी महाराष्ट्र शासनाने जुलै २०२५ मध्ये स्वतंत्र शासन निर्णय काढला. शासनाच्या धोरणावर समाजमाध्यमांतून प्रतिकूल टीका करू नये, वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवावीत, गोपनीय कागदपत्रे पुढे पाठवू नयेत, नाहीतर १९७९ च्या नियमांप्रमाणे कारवाई होईल, असे त्यात बजावले आहे. कंत्राटी कर्मचाऱ्यांनाही तो लागू आहे. गोपनीय कागदाबद्दल कोणाचे दुमत असणार नाही. टीकेबद्दल मात्र १९६२ पासून न्यायालये जी कसरत करत आली आहेत, ती पुढेही चालू राहील.

नव्या संहिता काय सांगतात, आणि कुठे गप्प आहेत

चार संहितांनी काही चांगल्या गोष्टी दिल्या आहेत. नेमणूकपत्र देणे आता सक्तीचे आहे. मुदतीच्या कराराने लागलेल्या माणसाला पाच वर्षे न थांबता वर्षभराच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटीचा हक्क आला. खाणे पोचवणारी, गाडी चालवणारी मुले, ज्यांना ‘गिग’ आणि ‘प्लॅटफॉर्म’ कामगार म्हणतात, त्यांचे नाव प्रथमच केंद्रीय कायद्यात आले. त्यांच्या सामाजिक सुरक्षेसाठी ॲप चालवणाऱ्या कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम द्यायची आहे. चौकशीसाठी निलंबित केलेल्या कामगाराची चौकशी साधारणपणे नव्वद दिवसांत संपवायची आणि तोपर्यंत निम्मा पगार निर्वाहभत्ता म्हणून द्यायचा, हेही लिहिलेले आहे.

आता दुसरी बाजू. स्थायी आदेशांची सक्ती केंद्रीय कायद्यात शंभर कामगारांच्या आस्थापनांना होती. आता ती तीनशे किंवा अधिक कामगार असतील तिथेच आहे. म्हणजे अडीचशे माणसांच्या कारखान्यात गैरवर्तनाची मंजूर यादी काचेआड लावण्याचे बंधन उरले नाही. ‘कामगार’ या व्याख्येतून व्यवस्थापकीय काम करणारे वगळले आहेत, आणि महिना अठरा हजारांपेक्षा जास्त पगाराचे पर्यवेक्षकही. अशा सगळ्यांसाठी बोलण्याची मर्यादा कुठे लिहिलेली असते? नेमणूकपत्रात, आणि त्यासोबत आलेल्या, न वाचता ‘मान्य’ वर बोट ठेवलेल्या सोशल मीडिया धोरणात. राज्यघटनेतला भाषणस्वातंत्र्याचा हक्क सरकारविरुद्ध उभा राहतो. खासगी मालकाशी भांडताना तो तसा थेट कामी येत नाही. म्हणून सरकारी नोकराच्या मागे घटना आहे, मोठ्या कारखान्यातल्या कामगाराच्या मागे स्थायी आदेश आहेत, आणि आपल्या चांगल्या पगाराच्या मुलांच्या मागे बहुधा एक करार आहे. पगार वाढला तसा आधार वाढला, असे इथे घडलेले नाही.

संपाच्या व्याख्येतही बदल आहे. निम्म्या किंवा अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली तर तोही संप, आणि संपाआधी चौदा दिवसांची नोटीस हवी. ‘उद्या सगळ्यांनी सुटी टाका’ असा एक निरोप ग्रुपवर फिरला तर तो बेकायदा संपाचा पुरावा ठरू शकतो. १९०८ चे सहा दिवस आजच्या कायद्यात बसले नसते.

खासगीपणाचे काय? २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. त्यानंतर २०२३ मध्ये वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला. त्यात मात्र नोकरीच्या कारणासाठी, किंवा मालकाचे नुकसान आणि व्यापारी गुपिते फुटणे टाळण्यासाठी, कर्मचाऱ्याची माहिती संमतीशिवाय वापरायची मुभा ठेवली आहे. धुळ्याचे टपाल आठवावे. कंपनीच्या लॅपटॉपवरून पाठवलेला मजकूर कंपनीला दिसू शकतो, हे धरूनच चालावे.

प्रत्येक बंधन वाईट असते असेही नाही. २०१३ च्या कायद्याने कामाच्या जागी स्त्रियांचा लैंगिक छळ रोखण्यासाठी दहा किंवा अधिक माणसांच्या प्रत्येक संस्थेत समिती सक्तीची केली. सहकारी स्त्रीविषयीचे अश्लील विनोद ग्रुपवर टाकणे हे मन मोकळे करणे नव्हे. पूर्वी असले बोलणे कट्ट्यावर विरून जाई आणि जिच्याविषयी ते असे ती निमूटपणे सोसत राही. आता ते लिहिलेले राहते म्हणून तिला दाद मागता येते. उंबरठा पुसला गेल्याचा एवढा एक फायदाही नोंदवला पाहिजे.

मग बोलायचे की नाही?

या सगळ्यावरून ‘नकोच ते, तोंड दाबून बुक्क्यांचा मार सोसावा’ असा निष्कर्ष काढला जाईल, आणि आपल्या घरांत तो काढला जातोच. आम्हाला तो मान्य नाही. गप्प बसणाऱ्यांना रविवार मिळाला नसता. आपल्या मुलांना गप्प बसायला शिकवण्यापेक्षा नीट बोलायला शिकवावे.

नीट म्हणजे कसे, ते हा इतिहासच सांगतो. नेमणूकपत्र आणि त्यासोबतची धोरणे सही करण्यापूर्वी वाचावीत. आपल्या आजोबांनी स्टँडिंग ऑर्डर्स वाचल्या होत्या. कंपनीचे कागद, ग्राहकांची माहिती आणि सहकाऱ्यांची बदनामी उघड्या भिंतीवर नेऊ नये. तिथे न्यायालय मदतीला येण्याची शक्यता कमी. मन मोकळे करायचे ते माणसांत करावे, शक्य तर प्रत्यक्ष भेटून. आणि तक्रार खरी असेल तर ती एकट्याने रात्री अकराला फेसबुकवर न टाकता चौघांनी मिळून, नावानिशी, योग्य ठिकाणी लेखी द्यावी. लोखंड्यांच्या निवेदनावर साडेपाच हजार नावे होती, आणि त्यांच्या पाच मागण्यांत कोणालाही शिवी नव्हती. ज्याला वकिलाचा खर्च पेलत नाही त्याच्यासाठी आपल्यातले निवृत्त कामगार अधिकारी, वकील आणि युनियनमध्ये काम केलेली मंडळी वर्षातून दोन रविवार मंडळाच्या सभागृहात बसली, तर ती खरी सेवा होईल.

व्यासांनी महाभारत सांगितले आणि गणपतीने लिहून घेतले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. गणपतीची अट होती की लेखणी थांबता कामा नये. व्यासांची उलट अट होती की अर्थ समजल्याशिवाय एकही अक्षर लिहायचे नाही. आपल्या हातातल्या यंत्राने पहिली अट पुरी केली आहे. त्याची लेखणी रात्रंदिवस थांबत नाही. दुसरी अट पाळणे आपल्याकडे आहे. ती पाळून आपल्या मुलांनी लिहावे, बोलावे, आणि गरज पडेल तेव्हा साहेबांसमोर उभे राहून बोलावे, एवढेच यंदा मंगलमूर्तीकडे मागणे.